एसएसएच लॉगिनसाठी हार्डवेअर की: टर्मिनलवरून पूर्ण जोडणी

यूएसबीची हार्डवेअर की (ओळख पटवणारे छोटे उपकरण) एसएसएचला, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीला, जोडायला ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरमधली एसएसएच-कीजेन ही की बनवणारी नेहमीची कमांड पुरते. मात्र आवृत्ती ८.२ (फेब्रुवारी २०२०) किंवा त्यापुढची हवी, आणि तीही आपल्या मशीनवर व सर्व्हरवर, दोन्हीकडे. प्रत्येक वेळी पिन विचारणारी सोय ८.४ मध्ये आली. आवृत्ती कळते ती या कमांडने: एसएसएच -व्ही (मोठा व्ही).

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. मोठे अक्षर लागेल तिथे तसे सांगितले आहे.

मॅकओएससोबत येणाऱ्या एसएसएचमध्ये हार्डवेअर कीचा आधार बांधलेला नसतो. तिथे की-जोडी (सर्व्हरवर ठेवायची पब्लिक की आणि आपल्याकडची खासगी की) बनवताना सिक्युरिटीकीप्रोव्हायडर दिलेला नाही अशी तक्रार येते. होमब्रू या मॅकवर सॉफ्टवेअर घालणाऱ्या साधनातून ओपनएसएसएच घाला आणि पाथमध्ये (कमांड शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) तेच आधी येते ना, हे विच कमांडने बघा. लिनक्सवर लिबफिडो२ हे पॅकेज लागते. की लावूनही 'डिव्हाइस नॉट फाउंड' दिसत असेल तर बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न असतो: यूडेव्हचे (लिनक्समध्ये उपकरणांना परवानग्या देणाऱ्या सोयीचे) नियम नसल्यामुळे साध्या वापरकर्त्याला हिडरॉ उपकरण (लावलेली की लिनक्सला दिसते ते नाव) उघडता येत नाही. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावून काम भागवू नका; तसे केले तर फाइल रूटच्या (प्रशासकाच्या) मालकीची होते आणि पुढे वेगळीच डोकेदुखी उभी राहते. नियम टाका, की काढून पुन्हा लावा.

आधी पिन. उपकरण शोधा आणि त्याच्या नावावर पिन बसवा:

फिडो२-टोकन -एल (मोठा एल)
फिडो२-टोकन -एस /डेव्ह/हिडरॉ० (मोठा एस, शेवटचा आकडा यादीत दिसेल तो)

युबिकी या ब्रँडची की असेल तर हेच काम वायकेमॅन फिडो ॲक्सेस चेंज-पिन या कमांडने होते. पिन किमान ४ अक्षरांचा लागतो, आणि तो नुसता आकड्यांचाच असावा असे बंधन नाही. सलग ३ वेळा चुकला की उपकरण काढून पुन्हा लावेपर्यंत ते पुढचा प्रयत्न घेत नाही. मध्ये एकदाही बरोबर पिन न देता एकूण ८ चुका झाल्या की पिन कायमचा बंद. मग रीसेटशिवाय इलाज नाही, आणि रीसेट म्हणजे त्या कीवरच्या सगळ्या फिडो (अशा कींच्या लॉगिनचे मानक) नोंदी गेल्या, वेबसाइटच्याही.

आता की-जोडी:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९-एसके -ओ रेसिडेंट -ओ व्हेरिफाय-रिक्वायर्ड -ओ ॲप्लिकेशन=एसएसएच:काम -सी "निळी-की-लॅपटॉप"

(-ओ आणि -सी मोठे, -टी लहान.) पिन द्या, की लुकलुकली की बोट लावा. 'एन्रोलमेंट फेल्ड' असे आले तर बऱ्याचदा कारण एकच: उपकरण ईडी२५५१९ हा कीचा प्रकार जाणत नाही. युबिकीवर त्यासाठी फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) ५.२.३ किंवा पुढचे लागते आणि फर्मवेअर नंतर बदलता येत नाही. तिथे प्रकार ईसीडीएसए-एसके करा. त्यात कमीपणा काही नाही. पिन न बसवताच रेसिडेंट (म्हणजे काय ते खाली) मागितले तरीही गाडी इथेच अडते.

रेसिडेंट घ्यायचे की नाही, हा या सगळ्या कामातला खरा निर्णय आहे. डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये जी 'खासगी' फाइल तयार होते तिच्यात खासगी की नसतेच. असते ते फक्त हँडल, म्हणजे उपकरणाला योग्य की ओळखू देणारी खूण. सही (लॉगिनवेळी ओळख पटवणारा पुरावा) करायला हँडल आणि उपकरण दोन्ही लागतात. साध्या प्रकारात हँडलची फाइल हरवली की हार्डवेअर की हातात असूनही ती जोडी निकामी. म्हणून त्या फाइलची प्रत ठेवावीच लागते. रेसिडेंटमध्ये हँडल उपकरणातच राहते आणि नव्या मशीनवर

एसएसएच-कीजेन -के (मोठा के)

एवढे चालवले की फाइल चालू फोल्डरमध्ये उतरते. याची किंमत अशी की उपकरण आणि पिन दोन्ही मिळालेल्या माणसाला आणखी काहीच लागत नाही. शिवाय जागा मोजकी असते: युबिकी ५ मध्ये ५.७ च्या आधीच्या फर्मवेअरवर २५ नोंदी, ५.७ पासून १००. रोज वेगवेगळ्या मशीनवर बसत असाल तर रेसिडेंट घ्या, एकाच लॅपटॉपवर काम असेल तर साधा प्रकार बरा. ॲप्लिकेशनचे नाव मात्र प्रत्येक रेसिडेंट जोडीला वेगळे द्या, आणि ते एसएसएच: नेच सुरू व्हायला हवे. नाव तेच राहिले तर नवी नोंद जुनीवर बसते आणि जुनी परत येत नाही.

दुसऱ्या हार्डवेअर कीवरही हीच कमांड चालवा, फाइलचे नाव -एफ (लहान) देऊन बदला. एका कीची नक्कल दुसरीवर होत नाही, त्यामुळे दोन्ही पब्लिक की सर्व्हरवर आधीपासून असायला हव्यात.

सर्व्हरवर चढवायला एसएसएच-कॉपी-आयडी -आय आणि पुढे .पब फाइल. बोट लावले की नाही हे सर्व्हर मुळातच तपासतो, पिनचे मात्र तसे नाही. ऑथोराइज्ड_कीज (परवानगी दिलेल्या पब्लिक कींची सर्व्हरवरची फाइल) मधल्या त्या ओळीच्या सुरुवातीला व्हेरिफाय-रिक्वायर्ड आणि एक जागा सोडून पुढची की, असे लिहिले तरच पिनविना आलेली सही नाकारली जाते. की बनवताना दिलेला पर्याय आपल्या बाजूचा, हा सर्व्हरच्या बाजूचा. सगळ्यांनाच लागू करायचे असेल तर एसएसएचडी_कॉन्फिग या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये पबकीऑथऑप्शन्स व्हेरिफाय-रिक्वायर्ड टाका.

पासवर्ड लॉगिन लगेच बंद करू नका. चालू सत्र उघडे ठेवा, दुसऱ्या खिडकीतून दोन्ही की एकेक करून तपासा:

एसएसएच -ओ आयडेंटिटीजओन्ली=यस -आय ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९_एसके वापरकर्ता@सर्व्हर

(इथे -ओ लहान, आयडेंटिटीज आणि ओन्ली यांची पहिली अक्षरे मोठी.) दोन्ही चालल्या की एसएसएचडी_कॉन्फिगमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन आणि केबीडीइंटरॲक्टिव्हऑथेंटिकेशन दोन्ही 'नो' करा, एसएसएचडी -टी ने फाइल तपासा, मगच सेवा रीलोड करा. दुसरी ओळ विसरली तर अनेक सर्व्हरवर पासवर्ड मागच्या दाराने चालूच राहतो.

'एजंट रिफ्यूज्ड ऑपरेशन' ही चूक पिन लावलेल्या कीवर हमखास भेटते. एजंट (आपल्या की सांभाळणारा एसएसएचचा प्रोग्राम) पार्श्वभूमीत चालतो, त्याला पिन विचारायला खिडकीच नसते. एसएसएच-आस्कपास पॅकेज घाला, नाहीतर -ओ आयडेंटिटीएजंट=नन देऊन एजंटला बाजूला ठेवा; मग पिन थेट टर्मिनलवर विचारला जातो. आणि काहीच न होता कर्सर नुसता थांबला असेल तर आधी कीकडे बघा, ती बोटाची वाट पाहत असते.

आरसिंक (फाइलींच्या प्रती नेणारे) किंवा गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे) दर वेळी बोट मागून कंटाळा आणत असेल तर आपल्या मशीनवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपाथ आणि कंट्रोलपर्सिस्ट १०एम लिहा. पहिल्या जोडणीवर बाकीच्या चालतात. मध्यरात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला हार्डवेअर की लावू नका. त्यासाठी एकाच कमांडपुरती बांधलेली साधी की ठेवा.

की हरवली तर दुसऱ्या कीने आत जा आणि प्रत्येक सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड_कीज मधून तिची ओळ काढा. कोणती ओळ कुठल्या कीची, हे -सी ने दिलेल्या टिपणीवरूनच कळते.