प्रेमदेवतांवर लिहिताय? या चुका टाळा

फेब्रुवारी आला की प्रेमदेवतांवरच्या लेखांना ऊत येतो, आणि चुका दरवर्षी त्याच. त्यातली माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे इनान्नाची सावित्री करणं.

इनान्ना सुमेरची, म्हणजे प्राचीन दक्षिण इराकची, उरुक तिचं नगर. पुढे तीच इश्तार. प्रेमाची आणि युद्धाची, दोन्हींची देवी. ती पाताळात उतरते तेव्हा सात दारांवर एकेक दागिना, एकेक वस्त्र काढून घेतलं जातं. शेवटी तिचं प्रेत होतं आणि ते खुंटीला टांगलं जातं. आपल्याकडे लगेच लिहिलं जातं, 'मेलेल्या नवऱ्याला सोडवायला ती पाताळात गेली.'

एका कॉलेजच्या पोरांनी याच समजुतीवर एकांकिका बसवली होती. संहिता माझ्याकडे आली ती स्पर्धा तोंडावर आल्यावर, 'फक्त नजर टाका' म्हणून. शेवटी इनान्ना नवऱ्याचा, दुमुझीचा, हात धरून वर येते, मागे सनई. मी मूळ कथा सांगितली. एन्की या देवानं पाठवलेले दोघे तिला जिवंत करतात, पण सुटायचं तर बदली माणूस द्यावा लागतो. पाताळाचे दूत तिच्याबरोबर वर येतात. दासी निन्शुबुर धुळीत शोक करतेय, तिला ती देत नाही. आणखी दोघे शोकात भेटतात, त्यांनाही नाही. मग उरुकजवळच्या कुलाबच्या मैदानात सफरचंदाच्या झाडाखाली दुमुझी दिसतो, भारी कपडे घालून, सिंहासनावर ऐटीत. ती म्हणते, 'याला न्या.' पुढे अर्धं वर्ष तो पाताळात, अर्धं वर्ष त्याच्याऐवजी त्याची बहीण गेश्तिनान्ना.

दिग्दर्शक म्हणाला, "सर, मग ती हिरॉईन कशी राहणार? आणि नेटवर तर सगळीकडे आमचंच आहे." प्रयोग तसाच झाला. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "सावित्रीच करायची होती, तर सुमेरला कशाला गेलात?"

नेटवर ते आहे, हे खरंच. मातीच्या फुटक्या, अपुऱ्या पाट्यांवरून जुन्या अभ्यासकांनी तसा अंदाज बांधला होता. विसाव्या शतकात सुमेरी पाट्यांचे तुकडे जुळले आणि तो कोसळला. पण घाईच्या लेखकाला शेवटचा तुकडा वाचायला वेळ नसतो.

दुसरी चूक म्हणजे भेसळ. 'झ्यूसची मुलगी ॲफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून जन्मली.' ॲफ्रोडायटी ही ग्रीकांची प्रेमदेवता, आणि यातलं अर्धं वाक्य होमर या प्राचीन ग्रीक कवीचं, अर्धं हेसिअड या दुसऱ्याचं. होमरकडे ती झ्यूस आणि डायोनीची मुलगी. हेसिअडकडे झ्यूसच्या आजोबाचं, आकाशदेव युरेनसचं, कापलेलं लिंग समुद्रात पडतं, त्याभोवतीच्या फेसातून ती येते, म्हणजे झ्यूसचा जन्म व्हायच्याही आधी. तिचा मुलगा समजला जाणारा प्रेमदेव इरॉसही हेसिअडकडे तिच्या कितीतरी आधीचा आहे. मी प्रत्येक वाक्यासमोर समासात पेन्सिलीनं ते कोणाचं ते लिहितो. नाव सुचलं नाही की वाक्य खोडतो. याला वेळ लागतो, लागू द्या.

'प्रेमाची देवी म्हणजे नाजूक' हेही असंच अर्धवट. होमरच्या इलियडमध्ये डायोमिडीज हा ग्रीक योद्धा ॲफ्रोडायटीचा हात जखमी करतो, ती रडत आईकडे जाते आणि झ्यूस तिला सांगतो की लढाई तुझं काम नाही. पण स्पार्टात तिचीच सशस्त्र मूर्ती पुजली जायची!

बाकीच्या किरकोळ. प्रेमदेव क्युपिड आणि त्याची प्रिया सायकी यांची गोष्ट प्राचीन ग्रीक म्हणून खपवू नका, ती आपल्याला मिळते अपुलियसच्या दुसऱ्या शतकातल्या लॅटिन ग्रंथात. १८२० मध्ये सापडलेली मिलोची व्हीनस मात्र ग्रीक मूर्ती आहे, नाव तेवढं रोमन (व्हीनस म्हणजे रोमनांची ॲफ्रोडायटी). नॉर्स कथांत मांजरांच्या रथातून फिरते ती फ्रेया, मुख्य देव ओडिनची बायको ती फ्रिग. रतीला 'भारताची व्हीनस' म्हणून मोकळं होऊ नका. कुमारसंभवाच्या चौथ्या सर्गातला, कामदेव भस्म झाल्यावरचा तिचा विलाप वाचा, मग भागवतात शंबरासुराच्या स्वयंपाकघरात आपल्याच पुन्हा जन्मलेल्या नवऱ्याला, प्रद्युम्नाला, वाढवणारी मायावती, म्हणजे रतीच, वाचा, आणि व्हीनसच्या कुठल्या कथेशी हे जुळतं ते मला कळवा.

आणि इश्तारवरून ईस्टर आला, असं फॉरवर्ड आलं तर सरळ डिलीट करा.