हळदीचा डाग आणि भाड्याच्या घरातलं कार्पेट

इंग्लंडमध्ये भाड्याचं घर मिळालं की बैठकीची खोली, निजायच्या खोल्या, जिना, बहुधा सगळीकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसवलेलं कार्पेट असतं. ते उचलून मोरीत नेता येत नाही की गच्चीवर वाळत घालता येत नाही. वरण सांडलं तर जिथल्या तिथेच निस्तरावं लागतं. आपल्या स्वयंपाकात हळद आणि तेल रोजचं, त्यामुळे हे काम डाग पडण्याआधीच शिकून ठेवा.

चावी हातात आली की सामान आत घेण्यापूर्वी प्रत्येक खोलीतल्या कार्पेटचे फोटो काढा. दारापाशी, खिडकीखाली, पलंग ठेवायच्या जागी, सगळीकडचे. एजंटने दिलेल्या इन्व्हेंटरीत (घरातल्या वस्तू आणि त्यांची अवस्था यांच्या यादीत) जुने डाग नोंदवले आहेत का ते पाहा. नसतील तर सांगितलेल्या मुदतीत फोटो जोडून ईमेल करा. तोंडी सांगितलेलं पुढे उपयोगी पडत नाही.

मग कार्पेट कशाचं आहे ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. कपाटामागच्या कोपऱ्यातून दोन-तीन धागे कात्रीने कापून घ्या. पेलाभर पाण्यात वॉशिंग-अप लिक्विडचा (भांडी घासायच्या द्रव साबणाचा) एक थेंब टाका आणि त्यात धागे बुडवून, बोटाने दाबून त्यांच्यातली हवा काढा. धागे पुन्हा वर आले तर कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं आहे. भाड्याच्या घरात स्वस्तातलं म्हणून हेच खूप दिसतं. धागे बुडाले तर ते लोकर, नायलॉन किंवा पॉलिएस्टर. मग एक कोरडा धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. 80 टक्के लोकर आणि 20 टक्के नायलॉन असं मिश्रण इकडे सर्रास मिळतं. त्याला लोकरच समजून वागवा.

लोकर म्हणजे केसांसारखं प्रथिन. ब्लीच ती अक्षरशः विरघळवतं, आणि ‘बायोलॉजिकल’ लिहिलेल्या कपड्यांच्या पावडरीतली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स तिलाही खातात. डाग काढायला मिळणाऱ्या डबाबंद ऑक्सी पावडरीही अल्कधर्मी असतात, त्या लोकरीवर नकोत. पॉलिप्रॉपिलीनचं उलटं: पाण्यात विरघळणारा रंग त्यात फारसा शिरत नाही, पण तेल त्याला घट्ट चिकटतं. शिवाय ते साधारण 160 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून त्यावर इस्त्री कधीच टेकवू नका.

घरात आणून ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत. पांढरी सुती फडकी (जुना पंचा याला उत्तम, कारण रंगीत टॉवेलचा रंग कार्पेटला लागतो), बिनछपाईचा किचन रोल, बोथट चमचा, रंगहीन वॉशिंग-अप लिक्विड, पांढरं व्हिनेगर, कॉर्नफ्लोर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘10 व्हॉल्यूम्स’ असं लिहिलेलं असतं. आयसोप्रोपिलऐवजी सर्जिकल स्पिरिट आणू नका. इकडच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये एरंडेल असतं आणि ते मागे तेलकट डाग ठेवतं. कुठलंही द्रव वापरण्याआधी कपाटामागे थेंबभर लावा, पांढरं फडकं मिनिटभर दाबून रंग उतरतो का ते बघा, आणि वाळल्यावर पुन्हा बघा.

आता हात कसा चालवायचा ते. डाग टिपायचा, चोळायचा नाही. चोळल्याने धाग्याचा पीळ सुटतो, आणि तो सुटलेला पीळ डाग गेल्यावरही डागासारखाच दिसतो. घट्ट पदार्थ आधी चमच्याने कडेकडून मध्याकडे ओढत उचला. मग फडक्याची घडी ठेवून त्यावर सरळ उभे राहा. शरीराचा भार जितकं शोषून घेतो तितकं हाताने होत नाही. घडी बदलत राहा, ती कोरडी निघेपर्यंत.

साबणाचं पाणी म्हणजे 250 मिली कोमट पाण्यात पाव चमचा वॉशिंग-अप लिक्विड. एवढंच. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. जास्तीचा साबण कार्पेटमध्ये राहतो, चिकट होतो, पावलांची धूळ धरतो, आणि महिन्याभराने तिथे काळपट ठिपका उमटतो. लोकांना वाटतं डाग परत आला. खरं तर तो साबणावर बसलेला मळ असतो. म्हणून साबणानंतर साधं पाणी शिंपडून टिपायचं, निदान दोनदा.

हळदीशी मात्र सावकाश वागा. तिचा पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो. त्यामुळे फोडणीत तो तेलाबरोबर धाग्यात शिरतो आणि नुसत्या पाण्याने हलत नाही. दुसरी गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे: हळदीला चुना लागला की कुंकू होतं. कार्पेटवर हेच घडतं. बेकिंग सोडा, कपड्यांची पावडर किंवा ऑक्सी पावडर घातली की पिवळा डाग क्षणात लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी पावडर ओततो. तसं झालंच तर व्हिनेगर आणि पाणी एकास दोन प्रमाणात घेऊन टिपा. लाल पुन्हा पिवळा होईल आणि तुम्ही होतात तिथे परत याल.

योग्य क्रम असा. वरण-भाजी चमच्याने उचला, टिपा. तेल ओढून घ्यायला कॉर्नफ्लोरचा जाड थर द्या, अर्ध्या तासाने हूवर (व्हॅक्यूम क्लीनर) करा. बेकिंग सोडा इथे वापरायचा नाही, कारण वर सांगितलंच. मग पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि बाहेरून आत टिपत जा. फडक्यावर पिवळं उतरताना दिसेल. अल्कोहोल थेट कार्पेटवर ओतू नका, कारण ते खाली उतरून कार्पेटची पाठ धरून ठेवणारा गोंद सैल करतं. खिडकी उघडी ठेवा. जवळ समई, मेणबत्ती, पेटता गॅस नको. फडकं स्वच्छ निघू लागलं की साबणाचं पाणी, मग साधं पाणी.

एवढं करून फिकट पिवळी झाक राहिली आणि कार्पेट कृत्रिम धाग्याचं असेल तर 3 टक्क्यांचं पेरॉक्साइड धागा ओला होईल इतकंच शिंपडा, तासभर ठेवा, टिपा. गरज पडली तर पुन्हा. ते कार्पेटचा स्वतःचा रंगही उडवू शकतं, म्हणून कपाटामागची चाचणी इथे टाळू नका. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत मिसळू नका. त्यातून त्वचेला आणि डोळ्यांना झोंबणारं आम्ल तयार होतं. लोकरीवर पेरॉक्साइडऐवजी उजेडावर भरवसा ठेवा. कर्क्युमिन उजेडाने फिकं पडतं. पडदे उघडे ठेवले, त्या जागेवरचं फर्निचर हलवलं, की काही दिवसांत झाक उतरत जाते. हिवाळ्यात जास्त दिवस लागतात, इतकंच.

बाकीचे डाग सोपे आहेत. दुधाच्या चहात टॅनिन, दूध आणि साखर तिन्ही असतात. गरम पाणी वापरलं तर दुधातलं प्रथिन धाग्यावर घट्ट बसतं, म्हणून पाणी गार किंवा जेमतेम कोमट. आधी साबणाचं पाणी, मग उरलेल्या तपकिरी कडेला व्हिनेगरचं पाणी. साखर राहिली तर जागा चिकट होते, तेव्हा साध्या पाण्याने नीट धुवून टिपा. सोलकढी किंवा कोकम सरबत सांडलं तर व्हिनेगरपासून सुरुवात करा. कोकमाचा लाल रंग आम्लात लाल राहतो, सोड्याने निळसर होऊन आणखी कुरूप दिसतो. तूप आणि तेल कॉर्नफ्लोरने ओढा, मग अल्कोहोल, मग साबण.

कुंकू, गुलाल, रांगोळी सांडली तर पाण्याला हात लावू नका. कोरडी पूड हूवरच्या ब्रशशिवाय, नुसत्या नळीने वरून खेचून घ्या. ओल्या फडक्याचा एक फटकारा मारला तर हूवरने गेला असता तो रंग कायमचा बसतो. मेंदी मात्र खरी अवघड. तिचा रंग प्रथिनाशी जोडला जातो, म्हणूनच तो हातावर चढतो, आणि लोकरीवरही तसाच चढतो. शंकू खाली पडला तर त्याच मिनिटाला चमच्याने उचला आणि गार पाण्याने टिपा. तासाभराने काही हाती लागत नाही. मेंदीचा कार्यक्रम असेल तर खाली जुनी चादर आणि तिच्याखाली प्लास्टिक अंथरा. मेणबत्तीचं मेण बर्फाच्या पिशवीने कडक करून चमच्याने फोडा.

डाग गेला, रात्री कार्पेट वाळलं आणि सकाळी तिथेच पुन्हा तपकिरी कडं दिसलं, असं बरेचदा होतं. पाणी जास्त ओतलं की डाग खाली अंडरलेपर्यंत (कार्पेटखालच्या मऊ थरापर्यंत) जातो आणि वाळताना वातीतून तेल चढावं तसा धाग्याच्या टोकाशी वर येतो. पाठीला ज्यूट असेल तर त्याचा स्वतःचा तपकिरी रंगही वर येतो. उपाय: जागा किंचित ओली करा, त्यावर किचन रोलचा बोटभर जाड थर, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर जड पुस्तकं किंवा पाण्याचं भांडं ठेवून रात्रभर सोडा. जे वर यायचं ते कागदात येतं. हिवाळ्यात खिडक्या बंद असतात, म्हणून नंतर पंखा लावून त्याच दिवशी वाळवा. ओलं राहिलेलं अंडरले कुबट वास धरतं.

डिपॉझिटबाबत इंग्लंडमधला कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. वार्षिक भाडं 50,000 पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि मिळाल्यापासून 30 दिवसांत ते डिपॉझिट सुरक्षित ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. 2019 च्या टेनंट फीज ॲक्टनंतर व्यावसायिक सफाईचे पैसे भरा अशी सक्ती करारात टाकता येत नाही; घर घेताना जितकं स्वच्छ होतं तितकं परत द्यायचं, एवढंच. रोजच्या वावराने दबलेला धागा म्हणजे नुकसान नव्हे. डाग राहिलाच तरी आठ वर्षं जुन्या कार्पेटसाठी नव्या कोऱ्या कार्पेटची पूर्ण किंमत मागता येत नाही, वयाप्रमाणे हिस्सा धरावा लागतो. पटलं नाही तर योजनेकडे तक्रार न्या, त्याला पैसे पडत नाहीत. तिथला निकाल कागदपत्रांवरच लागतो, म्हणून पहिल्या दिवशीचे फोटो, तो ईमेल आणि सफाईचं मशीन भाड्याने आणलं असेल तर त्याची पावती एका फोल्डरमध्ये ठेवा.