नागपूरच्या क्लबात भाषणाचा सराव कसा करावा

नागपुरात भाषणाचा सराव करण्यासाठी एखाद्या क्लबात जाण्याचा विचार असेल, तर पहिल्या सभेला केवळ पाहुणे म्हणून जावे. सभासदत्वाचा अर्ज लगेच भरू नये. या प्रकारातील सर्वांत परिचित संस्था म्हणजे टोस्टमास्टर्स. तिचा पहिला क्लब राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे सुरू केला. संस्थेच्या संकेतस्थळावर शहराचे नाव टाकले की जवळपासचे क्लब आणि त्यांच्या सभांच्या वेळा कळतात. शक्य असल्यास दोन-तीन सभा पाहाव्यात आणि निवड करताना एकच गोष्ट तपासावी: भाषण संपल्यावर त्याचे मूल्यमापन किती नेमके होते? ‘छान बोललात, आत्मविश्वास वाढवा’ एवढ्यावर जिथे मूल्यमापन आटोपते, तिथे टाळ्या भरपूर मिळतात, पण वर्षभराने वक्ता होता तिथेच असतो.

पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे असते आणि त्यासाठी ४ ते ६ मिनिटे मिळतात. पुढची बहुतेक भाषणे ५ ते ७ मिनिटांची असतात. त्यांत पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल रंग दाखवला जातो. नवखे वक्ते या वेळेत मावणार नाही एवढा मजकूर लिहून आणतात आणि पिवळा रंग दिसताच धावू लागतात. शांतपणे मराठी बोलताना माझे मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तुमचा वेग मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मोजावा आणि त्या हिशेबाने सहा मिनिटांपुरताच मजकूर ठेवावा, म्हणजे थांबण्यासाठी, श्रोत्यांकडे पाहण्यासाठी जागा उरते. संपूर्ण भाषण पाठ करू नये. आरंभाची आणि शेवटची दोन-दोन वाक्ये पक्की असावीत. मधल्या भागासाठी एका कार्डावर तीन शब्द पुरेत. पाठांतर केलेल्या माणसाचा एक शब्द निसटला की पुढचे सगळे निसटते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आरंभ कसा करावा, याचे उत्तर नागपूरकरांना दूर शोधावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आज दीक्षाभूमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी प्रदीर्घ भाषण केले. या कार्यासाठी नागपूरच का निवडले, हा लोकांच्या मनातला प्रश्न त्यांनी भाषणाच्या सुरुवातीच्या भागातच हाती घेतला आणि त्याचे उत्तर देत पुढे गेले. सहा मिनिटांच्या भाषणालाही हीच रीत लागू पडते. पाणीटंचाईवर बोलायचे असेल, तर ‘पाणी म्हणजे जीवन’ येथून निघू नये. मे महिन्यात आपल्या गल्लीत टँकर आला की रांगेत पहिले कोण उभे राहते, येथून निघावे, कारण समोर बसलेल्यांनी ती रांग पाहिलेली असते.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडची अनेक मुले-मुली घरी ‘काय करून राहिली?’ असे सहज विचारतात, पण व्यासपीठावर चढताच पुस्तकी मराठीचा आधार घेतात आणि त्यांचा आवाजच बदलतो. भाषणाचा मुख्य भाग प्रमाण मराठीत असावा, हे मला मान्य आहे. परंतु प्रसंग सांगताना आजीचे वाक्य आजीच्याच बोलीत यावे. तेवढ्या एका वाक्याने सभागृह जवळ येते. आवाजाची तयारीही याच शहराच्या हिशेबाने करावी. उन्हाळ्यात खोलीत कूलर चालू असतो आणि त्याच्यावर मात करण्यासाठी वक्ता घशातून ओरडू लागतो. घरी कूलर चालू ठेवून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कोणाला तरी बसवून, पोटात श्वास भरून वाक्याचा शेवट न गिळता बोलण्याचा सराव केला, तर हा त्रास बराच कमी होतो.

खरा लाभ मूल्यमापनात आहे, आणि तो मागून घ्यावा लागतो. सभेपूर्वी मूल्यमापकाला भेटून ‘आज माझ्या विरामांकडेच लक्ष द्या’ असे स्पष्ट सांगावे. त्याला बोलायला २ ते ३ मिनिटेच असतात. दहा दोष ऐकून वक्ता एकही सुधारत नाही, एक दोष उदाहरणासह कळला तर तो पुढच्या भाषणात हाताळता येतो. सभेत अनावश्यक उद्गार मोजणारी एक व्यक्तीही असते. मराठीत हे उद्गार ‘म्हणजे’, ‘तर’, ‘ॲक्चुअली’ असे असतात, आणि क्लबाचे कामकाज इंग्रजीत चालत असेल तर ते मोजणाऱ्याच्या कानातून सुटू शकतात. म्हणून आपल्या सवयीचे दोन शब्द त्याला आधीच लिहून द्यावेत. शब्द तोंडात आला की ओठ मिटून थांबावे. ती शांतता वक्त्याला फार लांब वाटते, श्रोत्यांना ती जाणवतही नाही.

आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर १ ते २ मिनिटे बोलण्याचा भाग टाळू नये. उत्तर सुचत नसेल, तर एक मत, त्याचे एक कारण आणि स्वतः पाहिलेला एक प्रसंग, एवढाच क्रम धरावा. भाषण नसलेल्या सभेत वेळ मोजण्याचे काम मागून घ्यावे. घड्याळ हातात धरून इतरांची सात मिनिटे मोजल्यावर स्वतःच्या मजकुरातला कोणता परिच्छेद काढायचा, हे घरी परततानाच ठरून जाते.