तालमीतले खरे रडणे

२२ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील नाट्यगृहे निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली. त्याच हिवाळ्यात मी सात महाविद्यालयीन मुलांना घेऊन टाळेबंदीतील तरुणांच्या मनःस्थितीवर एकांकिका बसवली. ब्लॉकिंग म्हणजे मंचावरील हालचालींची आखणी, नेपथ्य वगैरे आपणांस ठाऊक आहेच. मी जिथे फसले, तेवढेच सविस्तर सांगते.

संहिता तयार नव्हती, म्हणून मी प्रत्येकाला टाळेबंदीतील स्वतःचा एक प्रसंग उभा करायला सांगितले. एका मुलाने रुग्णालयाच्या फाटकाबाहेर वडिलांसाठी डबा घेऊन ताटकळणे दाखवले. भरलेला डबा तसाच घरी आला आणि आईने काही न विचारता तो रिकामा करून घासला. खोलीत कोणी हलले नाही. मी तो प्रसंग जसाच्या तसा संहितेत घेतला, भूमिकाही त्यालाच दिली आणि आपल्याला घबाड मिळाले असे समजले. त्यानंतर तो मुलगा रोज संध्याकाळी सात वाजता, माझ्या टाळीवर, तेच दुःख पुन्हा भोगत होता, आणि डोळे कोरडे राहिले की ‘काल आतून आले होते, आज नाही’ असे मी त्याला सर्वांसमोर ऐकवत होते. पुढे तो संवाद विसरू लागला, मग यायचाच थांबला. मी त्याला बेशिस्त म्हटले, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

‘आतून येऊ द्या’ एवढाच सल्ला देणाऱ्या ज्येष्ठांपासून चार हात दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या नावावर भावस्मृतीचे, म्हणजे स्वतःची जुनी भावना आठवून अभिनय करण्याचे, तंत्र खपवले जाते, त्या रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्कींनीही उत्तरायुष्यात शारीरिक कृतीवर अधिक भर दिला होता. आम्ही डबा ठेवला, पण प्रसंग काल्पनिक कुटुंबाचा केला आणि भूमिका दुसऱ्याला दिली. तो रडत नाही. डब्याची कडी लावत राहतो आणि ती लागत नाही. प्रेक्षागृहात तेवढे पुरते.

तरीही घाबरून विषय सोडू नये. तो करण्याजोगा आहे. संहिता समुपदेशकाला दाखवायची ती भूमिका वाटण्यापूर्वी, रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी नव्हे. आत्महत्येची पद्धत मंचावर, सावलीतूनसुद्धा, दाखवू नये, कारण आधीच खचलेल्या प्रेक्षकाला त्यातून अनुकरणाची वाट दिसू शकते. लाल प्रकाश, किंकाळी आणि ब्लॅकआउट ही आळशी दिग्दर्शकाची पळवाट आहे, असे मी तरी मानते. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दाराशी ठळक लावावा आणि प्रयोग संपताच मुलांना अभिनंदनाच्या गर्दीत लोटण्याआधी दहा मिनिटे शांत बसू द्यावे.

तो मुलगा तीन आठवड्यांनी परत आला आणि मी माफी मागितल्यावर, अभिनय नको, डिमरवर, म्हणजे प्रकाश कमीजास्त करण्याच्या यंत्रावर, बसतो, म्हणाला. डब्याच्या प्रसंगाचा प्रकाश प्रत्येक प्रयोगात तोच मंद करीत असे. किती सावकाश करायचा, हे मी त्याला एकदाही सांगितले नाही.