सरासरी काढताना मेमरी फुगत होती, त्याची गोष्ट

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत एक कोटी आकड्यांची सरासरी काढायची होती. यादीवरून एकदाच जायचं म्हणून आतापर्यंतची बेरीज आणि किती आकडे झाले ती संख्या अशी जोडी सोबत घेऊन फोल्डएल (यादीतला एकेक आकडा घेत उत्तर पुढे नेणारं फंक्शन) लावला. शंभर आकड्यांवर उत्तर बरोबर आलं. पूर्ण यादी दिली की जीएचसीआयची (हास्केल कोड टाइप करून लगेच चालवून बघायच्या प्रोग्रामची) मेमरी चढतच जायची.

फोल्डएल वाटेत काहीच मोजत नाही. ० + १, त्यावर + २, त्यावर + ३, अशी न सोडवलेली गणितं एकात एक गुंडाळत जातो आणि शेवटी उत्तर मागितलं की सगळी सोडवायला बसतो.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे फोल्डएल-प्राइम, म्हणजे फोल्डएलचाच वाटेत मोजत जाणारा प्रकार. (जीएचसी या हास्केल कंपायलरच्या ९.१० आवृत्तीपासून तो वेगळा इम्पोर्टही करावा लागत नाही.) तो लावला, तरी फरक शून्य! अख्खी संध्याकाळ इथेच गेली. प्राइम प्रत्येक पायरीला मूल्य काढतो खरा, पण फक्त सर्वांत बाहेरच्या थरापर्यंत. माझ्याकडे बाहेरचा थर म्हणजे नुसती जोडी; आतली बेरीज आणि संख्या तशाच न मोजलेल्या.

मग बँग पॅटर्न्स (नावाआधी उद्गारचिन्ह टाकून त्याचं मूल्य लगेच मोजायला लावायची सोय) सुरू करून, फंक्शनला मिळणाऱ्या जोडीतल्या दोन्ही नावांच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं. दोनच चिन्हं, आणि मेमरी चढायची थांबली. किती बरं वाटलं!

यादी मात्र थेट फंक्शनलाच द्या. जीएचसीआयमध्ये तिला नाव देऊन ठेवलंत, तर मोजून झालेले आकडेही मेमरीत अडकून राहू शकतात. आणि रिकाम्या यादीची सोय आधी करा, नाहीतर शून्याने भागाकार होतो.