हात अडला? 'र'ला सुट्टी द्या

दिवाळी अंकाला कथा कबूल करून बसलो होतो. सोयाबीनच्या दोन डवरण्या आटोपल्या, पण वहीतली ओळ पुढं सरकेना. लिहायचं, खोडायचं. शेवटी कळलं, अडचण सुचण्याची नव्हती. पहिलीच ओळ छापण्याजोगी व्हावी, हा हट्ट आडवा येत होता. तो मोडायला खेळ बरा, कारण खेळात चुकलं तर कोणी हसलं तरी चालतं.

आधी चांगली वही बाजूला ठेवा. पोरांच्या जुन्या वहीची कोरी पानं घ्या आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावा. गजर होईपर्यंत खोडायचं नाही.

पहिला खेळ भुलाबाईच्या डब्याचा. आपल्याकडे गाणी झाली की झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात, तसंच. घरातली एक वस्तू निवडा, नाव न घेता तिच्यावर पाच ओळी लिहा आणि घरच्यांना ओळखायला लावा. मी लिहिलं, 'काळा, लोखंडी, चुलीजवळचा.' पोरगी लगेच म्हणाली, "तवा!" मग ओळ बदलली: 'पावसाळ्यात आठ दिवस हात लागला नाही की अंगावर तांबूस लव येते.' ती म्हणे, "इळा?" ओळखणारा असा थबकला की जमलं, पुढच्या वस्तूकडे वळा.

दुसरा खेळ माझ्या आवडीचा. एक अक्षर बंद करायचं. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकानं १९६९ साली अख्खी कादंबरी 'ई' या रोमन अक्षराशिवाय लिहिली, आणि फ्रेंचमध्ये तेच अक्षर सगळ्यात जास्त लागतं. आपण एक परिच्छेद करू. मी 'र' बंद केला आणि फसलो. वावर गेलं, धुरा गेला, तूर, पऱ्हाटी, डवरा, सगळंच गेलं! कास्तकाराच्या घरात 'र' किती राबतो, हे तेव्हा समजलं. कापसाच्या वेचणीवर लिहायचं होतं. एरवी 'माय वावरात पऱ्हाटी वेचत होती' म्हणून मोकळा झालो असतो. आता ती वाट बंद. बराच वेळ पेन चावून हे उतरलं:

'माय उन्हात उभी. ओटीत कापूस, सुकल्या बोंडाची टोकं नखाखाली घुसलेली.'

ती नखं मी लहानपणापासून पाहत आलोय, पण लिहिली कधीच नव्हती. नेहमीचा शब्द हाताशी नसला की डोळ्यांना कामाला लागावं लागतं. सुरुवातीला 'र' जड वाटला तर 'ळ' बंद करा, तो सोपा जातो.

रात्री लाइन गेली की तिसरा खेळ, सगळ्यांनी मिळून. एकानं ओळ लिहायची, कागद दुमडायचा, पुढच्याला फक्त शेवटचा शब्द दाखवायचा. पॅरिसचे अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारखं विसंगत लिहिणारे-रंगवणारे कलावंत, १९२५च्या सुमारास असाच दुमडलेल्या कागदाचा खेळ खेळत. आमच्या कागदात बैल बँकेत कर्ज मागायला गेला. कथा नाही झाली, पण झोप चांगली लागली.

तीन-चार दिवस खेळून झाल्यावर मूळ लिखाणाकडे या, मात्र सुरुवातीच्या ओळीला हात लावू नका. मधलाच एखादा प्रसंग धरा. मी नखांपासून धरला. छपाईच्या चार दिवस आधी कथा पोचली. तिच्यात 'र' भरपूर आहेत.