लख्ख उजेडाचे इंग्रजी शब्द: कोणता कुठे बसवावा

समानार्थी शब्दांची यादी उघडा आणि त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द उचला, हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. यादीत ब्रिलियंट, ग्लेअरिंग आणि इनकॅन्डेसंट शेजारी शेजारी बसतात. वाक्यात मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

सरावाला अनंत चतुर्दशीची रात्र घ्या. इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, रस्ता दिव्यांनी भरून जातो. त्यावर पाच वाक्यं आधी मराठीत लिहा. ही पायरी गाळू नका, कारण निम्मा भेद मराठीतच झालेला असतो: लखलखीत, झगमगाट, भगभगीत. भगभगीत हे कौतुक नाही, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मग उजेड कुठून येतो ते ठरवा. वस्तूच्या आतून आला तर ल्यूमिनस, रेडियंट, इनकॅन्डेसंट. पृष्ठभागावरून परतला तर ग्लिटरिंग. डोळ्यांवर आदळला तर ग्लेअरिंग, डॅझलिंग, ब्लाइंडिंग.

आता खरी अडचण: लाक्षणिक अर्थ.

ग्लेअर म्हणजे समोरच्या गाडीच्या हेडलाइटची तिरीप. क्रियापद म्हणून त्याचाच अर्थ डोळे वटारून पाहणं. त्यामुळे ग्लेअरिंग फक्त दोषाला लागतं: ग्लेअरिंग मिस्टेक, ग्लेअरिंग ओमिशन. ‘ग्लेअरिंग सक्सेस’ कधीही लिहू नका. कौतुकाने भरलेला अभिप्राय ग्लोइंग असतो. दोन अक्षरं इकडची तिकडे झाली की शिफारसपत्राचं वाटोळं होतं.

दोषातही दोन जाती आहेत. फ्लेग्रंटच्या मुळाशी जळण्याचा लॅटिन धातू आहे, पण आज तो शब्द बेदरकारपणाला लागतो. जमाखर्चात बेरीजच लिहायची राहिली, ही ग्लेअरिंग चूक. पलासिया चौकात पोलिसासमोर लाल दिवा तोडला, तो फ्लेग्रंट नियमभंग. चुकून घडलेल्या गोष्टीला फ्लेग्रंट म्हटलंत तर तुम्ही समोरच्याच्या हेतूवर आरोप करताय.

इनकॅन्डेसंट सगळ्यात फसवा. लोखंड तापताना आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं; जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार साधारण 2,500 अंश सेल्सिअसला अशीच उजळते. (लॅटिन मूळ पांढऱ्या झळाळीचं. कॅन्डिडेट त्याच घरातला, कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा पांढराशुभ्र केलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, घालून फिरे.) म्हणून ब्रिटिश इंग्रजीत ‘ही वॉज इनकॅन्डेसंट’ एवढंच म्हटलं तरी तो संतापाने पेटला होता असा अर्थ निघतो. नवरीचं वर्णन करताना हा शब्द घातलात तर वाचणारा विचारेल, मांडवात भांडण झालं का? नवरीसाठी रेडियंट. नटाच्या अभिनयाला इनकॅन्डेसंट चालतं, तेही जपून.

डॅझलिंग कौतुकाचा आहे, पण बिनधोक नाही. डोळे दिपले की नीट दिसत नाही, आणि तो अर्थ शब्दाला अजून चिकटलेला आहे. डॅझलिंग परफॉर्मन्स उत्तम. पण ‘ऑफरने डॅझल होऊ नका’ यात फसगतीचा इशारा आहे.

बाकीचे सोपे. ब्रिलियंट बुद्धीला, कल्पनेला, खेळीला बिनदिक्कत लावा. ‘ब्राइट आयडिया’ मात्र सुरावर अवलंबून: ‘हूज ब्राइट आयडिया वॉज धिस?’ हा टोमणा असतो. रिस्प्लेंडंट भरजरी पोशाखाला. लुरिड गुन्ह्याच्या किळसवाण्या तपशिलांना. झांकीचे रंग अंगावर येत असतील तर गेअरिश. ल्यूसिड उजेडाच्याच मुळातला, पण आता सुबोध लेखनापुरता किंवा शुद्धीवर असलेल्या रुग्णापुरता उरलाय. एफल्जंट कवितेबाहेर नको.

शेवटी तपासणी. शब्दकोशात अर्थ पाहू नका, उदाहरणांची वाक्यं पाहा, आणि त्या विशेषणापुढे कोणती नामं येतात ते वहीत उतरवा. तुमचं नाम त्यांच्या जातीचं नसेल तर शब्द बदला. आणि एका परिच्छेदात असा एकच शब्द ठेवा. दुसऱ्याला सरळ ब्राइट म्हणा.